साहित्य 'आहे' की 'वापरात आहे'? सर्वेक्षणात नेमके काय विचारावे

शिक्षक मित्रांनो, शैक्षणिक साहित्याच्या सर्वेक्षणाचा फॉर्म आला की आपण काय करतो? डेडस्टॉक रजिस्टर उघडायचं आणि टिक करत सुटायचं. गणित पेटी? होय. नकाशे? होय. झालं! पेटी कपाटात आहे की मुलांच्या हातात, हे त्यात येतच नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला 'गरजेनुसार' अध्ययन-अध्यापन साहित्य द्यावे, असे म्हटले आहे. ही गरज वर्गात उभं राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून दोघांना वेगवेगळे विचारावे. मुख्याध्यापकांना: काय मिळाले, कधी मिळाले, किल्ली कोणाकडे असते? शिक्षकांना: मागच्या आठवड्यात काय वापरले, कोणत्या पाठाला? 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही' असे पर्याय मात्र देऊ नका. सगळे 'कधीकधी'वर जाऊन बसतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकही वर्ग घेतात, त्यामुळे दोन्ही फॉर्म बऱ्याचदा एकाच हाताने भरले जातात. तिथे कागद पाठवण्यापेक्षा जाऊन कपाट उघडून बघावे.

भाषेचा प्रश्न तर विचारायलाच हवा. भामरागड-एटापल्लीकडे घरात माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंचात तेलुगू. पहिलीचं लेकरू चित्रकार्डावरचं मोहाचं झाड लगेच ओळखतं, पण नाव सांगतं आपल्या बोलीत. कार्डावर छापलंय मराठी. गुरुजींना बोली येत नसेल तर 'ओळखता येत नाही' अशी नोंद होते, आणि ती त्या लेकराच्या नावावर राहते! म्हणून विचारा: हे साहित्य मुलांच्या घरच्या भाषेत वापरता येते का? नसेल, तर तुम्ही स्वतः काय बनवले? चिंचोके, बांबूच्या काड्या, सागाची पानं हे रजिस्टरात कधीच चढत नाही. खरं शिकवणं कित्येकदा त्यावरच चालतं.

वेळही बघावी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तक्ते ओलीने जातात, उरलेले वाळवी खाते. मोहफुलं पडू लागली की मुलं घरच्यांबरोबर रानात. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य तुम्हीच असता. मुलाला घरी विचारा, आज शाळेत हातात काय दिलं होतं? आणि पुढच्या सभेला कपाट उघडायला सांगा.