पराभवाचा धनी कोण?

फुटबॉलचा एखादा संघ लागोपाठ हरूं लागला, कीं त्याच्या अभिमानी मंडळींत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, शिक्षक ताबडतोब बदला. दुसरा म्हणतो, त्याला आणखी अवधि द्या. इंग्लंडांत या शिक्षकास मॅनेजर म्हणतात. खेळाडूंची निवड आणि सामन्यांतील डावपेंच त्याच्या हातीं असतात. म्हणून पराभवाचें खापरही त्याच्याच माथीं फुटतें. या वादांत निवाडा कसा करावा, हें मँचेस्टर युनायटेड या क्लबाच्या इतिहासावरून चांगलें उमजतें.

हा क्लब १९६७ नंतर साखळी-स्पर्धेंत विजयी झाला नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्यें ॲलेक्स फर्ग्युसन तेथें मॅनेजर म्हणून आले. त्यापूर्वीं, १९८३ सालीं, स्कॉटलंडांतील ॲबर्डीन या तुलनेनें लहान क्लबाला त्यांनीं युरोपांतील चषक मिळवून दिला होता. साहजिकच अपेक्षा मोठ्या होत्या. परंतु सप्टेंबर १९८९ मध्यें शेजारच्या मँचेस्टर सिटीनें त्यांच्या संघाचा ५-१ असा धुव्वा उडविला, आणि पुढील डिसेंबर व जानेवारींत साखळींतला एकही सामना त्यांना जिंकतां आला नाहीं. तीन वर्षें सबबी ऐकल्या, आतां निरोप घ्या, अशा आशयाचा फलक प्रेक्षकांत झळकला. ही तक्रार निराधार नव्हती. नव्या खेळाडूंवर पुष्कळ पैसा खर्च झाला होता आणि पदरांत कांहींच पडलें नव्हतें.

७ जानेवारी १९९० रोजीं एफ. ए. चषकाच्या सामन्यांत मार्क रॉबिन्सच्या एकमेव गोलानें संघानें नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरविलें, आणि मे महिन्यांत तो चषकच जिंकला. त्या एका गोलानें फर्ग्युसन यांची नोकरी वाचविली, अशी आख्यायिका तेव्हांपासून रूढ आहे. क्लबाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्‌स यांनीं मात्र पुढें सांगितलें, कीं तो सामना गमावला असता तरीही त्यांना काढण्याचा विचार नव्हता. प्रेक्षकांना न दिसणारें एक काम चालूं होतें, तें चालकांना ठाऊक होतें. होतकरू मुलें शोधण्याची व्यवस्था फर्ग्युसन यांनीं वाढविली होती. रायन गिग्ज चौदाव्या वर्षीं, १९८७ सालीं, क्लबांत आला तो याच काळांत. १९९२ सालीं देशाचा कुमार चषक जिंकणाऱ्या संघांत तो आणि डेव्हिड बेकहॅम होते. १९९३ सालीं, म्हणजे २६ वर्षांनंतर, साखळीचें विजेतेपद परत आलें. २०१३ सालीं निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसन यांनीं तें १३ वेळां मिळविलें.

यावरून धीराचा पक्षच नेहमीं खरा, असें मात्र ठरत नाहीं. ज्यांना अवधि देऊनही यश आलें नाहीं, त्यांचीं नांवें कोणी उदाहरणादाखल घेत नाहीं. फर्ग्युसन यांच्यानंतर डेव्हिड मॉइज यांच्याशीं सहा वर्षांचा करार झाला. एप्रिल २०१४ मध्यें, दहा महिन्यांतच, त्यांना काढण्यांत आलें. त्यानंतरही मॅनेजर वरचेवर बदलले. तरी पुढील दहा वर्षांत साखळीचें विजेतेपद लाभलें नाहीं. निव्वळ बदल हेंही औषध नव्हे.

बदलाचा गुण आल्यासारखा वाटतो, याला एक कारण आहे. शिक्षकाला बहुधा संघ अगदीं तळाला गेला असतांना काढतात, आणि तेथून तो थोडाफार वर येणारच असतो. ताप उतरूं लागतांना वैद्य बदलला, तर गुणाचें श्रेय नव्याच्या खातीं जमा होतें. हॉलंडमधील १९८६ ते २००४ या काळांतील सामन्यांचा अभ्यास झाला, तेव्हां असें आढळलें, कीं तितकेच घसरलेले पण शिक्षक न बदललेले संघही तसेच सावरले होते.

तेव्हां श्रोत्यांनीं आपल्या आवडत्या संघाबद्दल वाद घालतांना केवळ गोल मोजूं नयेत. जायबंदी खेळाडू किती होते? तरुण खेळाडू वर्षापूर्वींपेक्षां सुधारले आहेत काय? त्याच त्या चुका पुनःपुन्हां होतात काय? खेळाडू अजून शिक्षकाचें ऐकतात काय? या प्रश्नांचीं उत्तरें प्रतिकूल असतील, तर शिक्षकाला निरोप देणें हा अन्याय नव्हे. तीं अनुकूल असतील, तर मात्र हातचें पीक कापणीपूर्वींच नांगरून टाकल्यासारखें होईल.