लिखांची तारीख

उवांच्या औषधाची बाटली आणली, डोक्याला चोळली, दहा मिनिटांनी धुऊन टाकली. टॉवेलवर पाच-सहा मेलेल्या उवा दिसल्या आणि घर निर्धास्त झालं. दोन आठवडे जातात न जातात तोच पोरगी पुन्हा कानामागे खाजवायला लागते. मग संशय कधी शाळेत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीवर, कधी बाटलीवर, कधी औषधाच्या दुकानदारावर. पुढची बाटली जास्त महागाची येते, जास्त वेळ डोक्यावर ठेवली जाते, आणि तीसुद्धा एकदाच लावून मोरीच्या फळीवर पडून राहते.

उवा हटत नाहीत याची कारणं तीन-चार आहेत. पण बहुतेक घरांत नडतं ते एकच. उवांच्या आयुष्यात कोणत्या दिवशी काय घडतं, याच्याशी आपल्या उपायाच्या दिवसांचा मेळ बसत नाही.

डोक्यातल्या उवेचं शास्त्रीय नाव पेडिक्युलस ह्यूमनस कॅपिटिस. पूर्ण वाढलेली ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांब, तिळाएवढी. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही. सहाही पायांच्या टोकाला आकडा असतो आणि तो केसाच्या जाडीला बरोबर बसतो. त्याच्या जोरावर ती केसावरून मिनिटाला वीसेक सेंटिमीटर सरकते. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायला तिला डोक्याला डोकं लागावं लागतं. मोबाइलवर एकत्र वाकलेली मुलं, एका उशीवर झोपलेली भावंडं, एवढं तिला पुरतं. केस स्वच्छ आहेत की मळलेले, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. दिवसातून अनेकदा रक्त मिळालं नाही तर ती तगत नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. म्हणून सगळं घर उपसून गाद्या उन्हात घालण्याची आणि सोफ्यावर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, ओढण्या, टोप्या कडक पाण्यात धुतल्या की झालं. उरलेला जोर डोक्यावर लावावा.

खरी गोम लिखेत आहे. मादी दिवसाला सात-आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाच्या मुळाशी चिकटवते. हा डिंक प्रथिनांचा असतो आणि पक्का सुकला की पाण्याने, शाम्पूने सुटत नाही. व्हिनेगरने तो विरघळतो अशी समजूत आहे, पण चाचण्यांत तिला आधार मिळालेला नाही. केसही प्रथिनांचाच. त्यामुळे डिंक विरघळेल आणि केस शाबूत राहील असं रसायन सापडणं अवघड आहे. अंडं मिलिमीटरहूनही लहान, वर झाकण, झाकणाला हवेसाठी बारीक छिद्रं. सात ते दहा दिवसांत आतलं पिल्लू तयार होतं. मग ते तोंडाने हवा आत ओढतं आणि मागून बाहेर सोडतं. पाठीमागे दाब साठत जातो आणि शेवटी झाकण उघडून पिल्लू बाहेर फेकलं जातं. रिकामं टरफल तिथेच केसाला चिकटून राहतं, आणि आपल्याला लख्ख पांढरं दिसतं ते बहुधा हे टरफलच. जिवंत लीख तपकिरी, केसाच्या रंगात मिसळणारी असते. म्हणजे आई ज्या पांढऱ्या लिखा पाहून हवालदिल होते, त्यांतल्या पुष्कळशा केव्हाच रिकाम्या झालेल्या असतात आणि ज्यांची काळजी करायला हवी त्या नजरेतून सुटतात.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर पुढे गेलेली लीख बहुतेक फुटून गेलेली असते, असं थंड देशांतली पुस्तकं सांगतात. आपल्याकडे या नियमावर विसंबू नये. उष्ण हवेत टाळूपासून बऱ्याच अंतरावरही जिवंत लिखा सापडतात.

आता तारखांचा हिशेब. बाजारातली बरीचशी औषधं उवेच्या चेतासंस्थेवर काम करतात. नुकत्याच घातलेल्या अंड्यात चेतासंस्थाच तयार झालेली नसते, मग औषधाने मारायचं कशाला? आज औषध लावलं तर चालत्याफिरत्या उवा मरतील, पण आज सकाळी घातलेली अंडी पुढच्या सात ते दहा दिवसांत फुटतील. बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकून नऊ ते बारा दिवसांत वयात येतं आणि मग स्वतः अंडी घालू लागतं. दुसरा हात फिरवायचा तो या दोन घटनांच्या मधल्या फटीत. जवळजवळ सगळी अंडी फुटलेली हवीत, पण कोणतंही पिल्लू आई झालेलं नको. पर्मेथ्रिनसारख्या औषधासाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणूनच नववा दिवस सांगतात. दुसरी पद्धत तीन वेळा लावण्याची: आज, सातव्या दिवशी आणि तेराव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान. ‘पुन्हा खाज आली की पाहू’ म्हणणारे नेमके या फटीच्या पलीकडे पोहोचतात, तोवर नवी पिढी अंडी घालून मोकळी झालेली असते.

खाजेवर भिस्त ठेवण्यात आणखी एक फसगत आहे. खाज येते ती उवेच्या लाळेची ॲलर्जी म्हणून, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाच्या शरीराला ही ॲलर्जी यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मूल मजेत असतं, उवाही मजेत असतात, आणि त्याच्याबरोबर झोपणाऱ्या आजीच्या आंबाड्यातही त्यांनी संसार थाटलेला असतो. म्हणून एकीला उवा सापडल्या की घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची, बाबांचंसुद्धा. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. एकीचं आज, दुसरीचं पुढच्या रविवारी असं केलं तर उवा घरातल्या घरात फिरत राहतात.

उवांवरचं सगळ्यात जुनं हत्यार आपल्या घरातच असतं. इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन शहराच्या उत्खननात हस्तिदंताची एक इवलीशी फणी मिळाली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वय सुमारे ३७०० वर्षं. तिला एका बाजूला गुंता सोडवायला जाड दाते आणि दुसऱ्या बाजूला उवा काढायला बारीक दाते. आजीच्या फणेरपेटीतल्या लाकडी फणीची घडण हीच. हिब्रू विद्यापीठाच्या योसेफ गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं की या फणीवर कनानी लिपीत एक पुरं वाक्य कोरलेलं आहे: केसांतल्या आणि दाढीतल्या उवांचा या दाताने नायनाट व्हावा अशा अर्थाचं. वर्णमालेत लिहिलेलं एवढं जुनं संपूर्ण वाक्य मिळतं आणि ते निघतं उवांबद्दल! हस्तिदंत त्या प्रदेशात बाहेरून यायचा, म्हणजे फणीची मालकीण किंवा मालक पैसेवाला असणार. फणीच्या दात्यावर उवांच्या पिल्लांचे अवशेषही सापडले.

फणीचा उपयोग मात्र नीट करावा लागतो. कोरड्या केसांत ऊ चपळाईने पळते. ओल्या केसांत ती हालचाल थांबवून केस धरून बसते. केस धुवायचे, ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा (खोबरेलही चालेल), मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा आणि मग भांग पाडून एकेक बट घेत फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची. दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर किंवा फडक्यावर पुसायची. कागदावर हलणारा ठिपका दिसला तर ऊ, न हलणारा पांढरा भुगा बहुधा कोंडा. मानेच्या वरची बाजू आणि कानामागचा भाग सोडायचा नाही, लिखांना ऊब तिथे जास्त मिळते. दात्यांमधली फट ०.३ मिलिमीटरहून कमी हवी. प्लास्टिकचे दाते फाकतात, स्टीलची फणी बरी. कमरेएवढे दाट केस असतील तर तास सहज जातो, आणि मुलीच्या हातात काहीतरी गोष्टीचं द्यावं लागतं.

ब्रिटनमध्ये औषधाशिवाय नुसत्या अशा फणीने उवा घालवण्याचा कार्यक्रम ठरलेला आहे: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, मग सतराव्या दिवशी तपासणी. दर चार दिवसांनी फणी फिरली तर कोणत्याही पिल्लाला मोठं व्हायला सवडच मिळत नाही. याचं यश किती? २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत फणीने ३८ टक्के मुलं बरी झाली आणि मॅलॅथिऑन या कीटकनाशकाने ७८ टक्के. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या चाचणीत निकाल उलटा लागला: फणीच्या संचाने ५७ टक्के, दुकानातल्या कीटकनाशक औषधांनी १३ टक्के. माझ्या मते या दोन आकड्यांतला फरक दोन गोष्टी सांगतो. फणी किती चिकाटीने फिरवली यावर सगळं अवलंबून आहे, आणि औषधंही पूर्वीसारखी राहिलेली नाहीत.

औषधं बोथट झाली यात उवांचा दोष नाही. पर्मेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकाचं प्रयोगशाळेतलं भावंड. ते उवेच्या चेतापेशीतल्या सोडियमच्या वाहिनीत अडकतं, वाहिनी उघडीच राहते आणि ऊ लुळी पडते. या वाहिनीच्या जनुकात बदल झाला की औषधाला धरायला जागा मिळत नाही. अमेरिकेच्या ४८ राज्यांतून गोळा केलेल्या उवांची तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हे बदललेलं जनुक सरासरी ९८ टक्क्यांहून जास्त प्रमाणात आढळलं. म्हणून नियम साधा ठेवावा. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पुरेसं औषध लावूनही दुसऱ्या दिवशी उवा टवटवीत फिरताना दिसल्या तर तेच औषध पुन्हा लावण्यात अर्थ नाही, औषधाचा प्रकारच बदलावा. उवा मंदावलेल्या असतील तर औषध काम करतंय. दुसऱ्या खेपेची वाट पाहावी. औषधाआधी कंडिशनर लावला तरीही पर्मेथ्रिन केसाला नीट बसत नाही, ही चूक फार जण करतात.

तेलाने ऊ गुदमरून मरते असं आपण लहानपणापासून ऐकतो. उवेच्या पोटाच्या कडेने श्वासरंध्रं असतात आणि ती बंद करून ती तासन् तास राहू शकते. पाण्यात बुडवलेली ऊ निपचित पडते आणि बाहेर काढल्यावर पुन्हा चालू लागते. रात्रभर तेल थापण्याचा खरा फायदा फणी सरळ चालण्यापुरताच. डायमेथिकोन या सिलिकॉन तेलाची गोष्ट वेगळी. ते पातळ असल्याने श्वासरंध्रांच्या आतपर्यंत शिरतं. रक्त प्यायलेल्या उवेला त्यातलं जास्तीचं पाणी वाफेच्या रूपात याच रंध्रांतून बाहेर टाकावं लागतं. वाट बुजली की पाणी आतच साचतं आणि ताण असह्य होऊन आतडं फुटतं. इथे विषाचा संबंधच नाही, त्यामुळे जनुक बदलून सुटका करून घेणं उवेला सोपं जाणार नाही. २००५ च्या एका ब्रिटिश चाचणीत त्याने ७० टक्के लोकांच्या उवा गेल्या, फेनोथ्रिन या कीटकनाशकाने ७५ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. हेही पुन्हा लावावं लागतंच.

एवढं करूनही उवा राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सात दिवसांच्या अंतराने दोनदा देऊन झालेल्या २०१० च्या चाचणीत ९५ टक्के रुग्ण उवामुक्त झाले. पण हा मात्रेचा, वजनाचा मामला आहे. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या देत नाहीत. मनाने घेऊ नयेत.

घरगुती उपायांत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती सीताफळाच्या बियांची, कारण तो उपाय खोटा नाही. बियांतली ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं पेशींचं ऊर्जानिर्मितीचं यंत्रच बंद पाडतात, ऊ खरोखर मरते. पण तीच पूड घामाबरोबर किंवा डोकं धुताना डोळ्यांत उतरली की बुबुळावरचा पारदर्शक थर सोलवटतो. आग, पाणी, डोळे उघडता न येणं, अशा तक्रारी घेऊन आलेले रुग्ण भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहेत. पूड डोळ्यांत गेलीच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि डॉक्टर गाठावा. रॉकेल पेट घेतं. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. झुरळांचा खडू आणि शेतात फवारायची औषधं डोक्याला लावून विषबाधा झाली आहे. यांतलं काहीच नको.

उवा सापडल्या म्हणून मुलीला घरी बसवायचं, बाकावर वेगळं बसवायचं किंवा केस भादरायचे, याचीही गरज नाही. डोक्यातली ऊ एरवी रोग पसरवत नाही. टायफस पसरवते ती कपड्यांत राहणारी ऊ. वर्गात कुणाला सापडल्या तर बाईंनी नाव न घेता सगळ्या पालकांना एकाच शनिवार-रविवारी डोकी बघायला सांगितलं, तर मैत्रिणीकडून परत येणाऱ्या उवाही थांबतात.

सतराव्या दिवशी ओल्या केसांतून फणी फिरवून कागदावर एकही ऊ आली नाही की उपाय बंद. पांढरी टरफलं तरीही दिसत राहतील. ती केसाबरोबर खाली सरकत जातील आणि केस कापताना निघून जातील. घरात लग्न आलंय आणि पाहुण्यांसमोर नकोत असं वाटत असेल, तर दोन नखांत धरून ओढून काढावीत.