पेशीची पकड

तोंडाच्या कर्करोगाचा रोगी मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आला, की शल्यचिकित्सक जिभेवरील वा गालाच्या आतील व्रण तर पाहतोच. पण त्याची बोटे लगोलग मानेकडे वळतात. मानेतील गाठ टणक लागली, तर रोगाने मूळ घर सोडले अशी शंका घ्यावयाची. आणि लागली नाही तर? मानेतील लसिकाग्रंथी तेव्हाच काढाव्यात की वाट पाहावी, हा वाद अनेक दशके चालला होता. याच रुग्णालयातील चाचणीने २०१५ साली त्यावर भक्कम उत्तर दिले. आरंभीच्या अवस्थेतील ज्या रोग्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या, त्यांत तीन वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण शेकडा ८० होते. वाट पाहिलेल्यांत शेकडा साडेसदुसष्ट. म्हणजे हाताला न लागणाऱ्या पेशी पुष्कळदा आधीच मानेत पोहोचलेल्या असतात. त्या सुटतात कशा, आणि वाटेत मरत का नाहीत?

निरोगी पेशीला मोकळे हिंडण्याची मुभा सहसा नसते. तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे जणू आकडे असतात. कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या प्रथिनाला कॅल्शियमच्या साहाय्याने धरून ठेवते; इंटेग्रिन खालच्या तंतुमय अस्तराला धरते. ही पकड केवळ खिळ्याची नव्हे, ती निरोप्याचेही काम करते. इंटेग्रिन घट्ट आहे तोवर पेशीच्या आत जगण्याचा निरोप जात राहतो. पकड सुटली की निरोप थांबतो, आणि पेशी स्वतःच्याच विकरांकरवी आपले अंतरंग कापून, आसपास दाह न माजविता, मरून जाते. १९९४ साली या मरणाला ‘अनॉइकिस’ हे ग्रीक नाव मिळाले. त्याचा भाव बेघर होणे असा. स्थानभ्रष्ट पेशीने भलतीकडे संसार थाटू नये, यासाठी शरीराने केलेली ही तरतूद होय.

कर्कपेशी नेमकी हीच तरतूद मोडते. साधी पेशी काचपात्राच्या तळाला चिकटली तरच वाढते. कर्कपेशी अगरच्या मऊ खळीत, आधारावाचूनही, वाढते. असे प्रयोग ज्या ऊतिसंवर्धनावर चालतात, त्याची भारतातील पहिली संशोधनशाळा १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी उभारली. पुढे त्याच संस्थेचे काम खारघरला गेले. तेथील संशोधकांनी २००८ साली दाखविले, की पेशी-पेशींमधील सांध्याला आतून बळकटी देणारे प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन आतड्याच्या कर्कपेशींत कमी केले, तर त्यांचा चिकटपणा घटतो आणि उंदरांत रोग दूरवर पसरतो.

तथापि ‘पकड सुटली की रोग पसरला’ हे सूत्र अर्धेच खरे आहे. काही कर्कपेशी एकमेकींना धरूनच, घोळक्याने, रक्तातून प्रवास करतात. घोळक्यात त्या एकटीपेक्षा अधिक तगतात. आणि नव्या जागी ठाण मांडावयाचे तर पुन्हा चिकटावेच लागते. कर्कपेशी पकड सोडते त्यापेक्षा ती सोयीने वापरते, असे म्हणणे अधिक योग्य.

पृष्ठभागावर मृत्यूची घंटाही असते. ‘फास’ नावाच्या प्रथिनाला मारक श्वेतपेशीवरील जोडीदार भिडला, की आत मरणाची साखळी सुरू होते. मराठी कानाला हे नाव समर्पक वाटेल, पण तो निव्वळ योगायोग! अनेक कर्कपेशी ही घंटाच उतरवून ठेवतात.

मग दुसरी खूण शोधावी लागते. पवईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून निघालेल्या ‘नेक्सकार १९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. यात रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखण्यास शिकवून, परत सोडतात. त्या भिडतात आणि मारतात. मात्र सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही बळी पडतात आणि रोग्याला जंतुसंसर्गापासून जपावे लागते. शिवाय काही रोग्यांत कर्कपेशी सीडी-१९ टाकून देतात आणि रोग परततो.