काळोखाची तक्रार

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. तरीही ती इतकी काळोखी का, ही वाचकांची तक्रार सरत नाही. शिकलेल्या एकनाथाला पैसे चारल्यावाचून नोकरी नाही, शेतमालाला भाव नाही, पत्नी अलका माहेरी निघून जाते आणि विदर्भातील एक नांदते घर डोळ्यांदेखत विसकटते. लेखकाने निदान एखादा आशेचा किरण दाखवावयास हवा होता, असे पुष्कळांना वाटते.

आपल्या किनाऱ्यावर असे वाटावे, यात नवल नाही. कोकणातील कित्येक घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर तगली. कोरडवाहू कापूसवाल्याला असा दुसरा आधार क्वचितच असतो. गुजरातेत करजणच्या आसपास कानमच्या काळ्या जमिनीत कापूसच पिकतो. तेथील मराठी वाचकास एकनाथाचे घर परके वाटू नये. कारण पाऊस आणि बाजारभाव, दोन्ही शेतकऱ्याच्या हाती नाहीत, हे तो जवळून पाहतो.

कादंबरीकाराने खोटा उजेड पाडला असता, तर आपल्याला सुखाची झोप लागली असती. एकनाथाचे कर्ज फिटले नसते. तक्रार करावयाचीच, तर ती लेखकाकडे नव्हे, भाव ठरविणाऱ्यांकडे करावी.