वीज गेली तरी गणित राहावं

तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. त्यामागे कोणी शेठ-सावकार नव्हता. माणशी एक पैसा जमवला तरी देशी उद्योग उभा राहू शकतो, हे अंताजी दामोदर काळे या शिक्षकाच्या मनाने घेतलं. ते गावोगावी हिंडले, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली मावळात भट्टी पेटली. इथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले.

आज पैशाच्या जागी संगणकाचा रिकामा वेळ मागणारी एक चळवळ जगभर चालू आहे, आणि मावळाने तिच्यात उतरावं असं मला मनापासून वाटतं. घरचा किंवा ऑफिसातला संगणक तासन्‌तास नुसता चालू असतो. प्रोसेसर बसून असतो. परग्रहावरचे संदेश शोधणाऱ्या, बर्कली विद्यापीठाच्या ‘सेटी ॲट होम’ प्रकल्पाने मे १९९९ मध्ये हाच वेळ मागितला आणि लाखो लोकांनी तो दिला. असा संदेश काही सापडला नाही, मार्च २०२० अखेर नवं काम वाटणंही थांबलं. पण त्यातून निघालेलं ‘बॉइंक’ हे मुक्त सॉफ्टवेअर टिकलं. आपण ते बसवायचं, प्रकल्प निवडायचा. कामाचा तुकडा आपोआप उतरतो, सोडवला जातो आणि उत्तर परत जातं.

आपल्याला सगळ्यांत जवळचा प्रकल्प म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेला ‘आइनस्टाइन ॲट होम’. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांमधून सतत येत असतील अशा गुरुत्वीय लहरी तो लायगो या वेधशाळेच्या नोंदींमध्ये शोधतो. अपेक्षित लहरीचा नमुना बनवून नोंदींशी ताडून पाहायची पद्धत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ पासून घासूनपुसून तयार केली, ती दोन तारे एकमेकांवर आदळताना उठणाऱ्या लहरींसाठी. सतत येणाऱ्या लहरींचं गणित त्याहून कितीतरी अवाढव्य. आकाशातली जागा वेगळी, वारंवारता वेगळी, ती मंदावण्याचा वेग वेगळा. प्रत्येक शक्यता तपासायची तर एका केंद्रातले संगणक अपुरे पडतात, म्हणून घराघरांत वाटणी. अशी लहर अजून मिळालेली नाही. मात्र २०१० मध्ये याच प्रकल्पाने अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सेकंदाला जवळजवळ ४१ वेळा फिरणारा पल्सार, म्हणजे तसाच एक न्यूट्रॉन तारा, शोधला, आणि ज्या घरांतल्या संगणकांवर तो दिसला त्या अमेरिकेतल्या जोडप्याचं व जर्मनीतल्या गृहस्थांचं नाव जगजाहीर झालं. उद्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहील, तेव्हा नोंदी आपल्याच मातीतून येतील.

आता अडचणीचं. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांच्या पाण्यावर टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण केली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण घाटमाथ्यावर पाऊस लागला की फांदी तारेवर पडते आणि त्याच लोणावळ्यात दिवे जातात. संगणक सहा तास राबलेला असेल, तर ते सहा तास गेले का?

याचं उत्तर लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये आहे. गणित करणारा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने आपण कुठवर आलो ते डिस्कवर लिहून ठेवतो. त्याला चेकपॉइंट म्हणतात. नेमकं त्या लिखाणाच्या मध्यावर वीज गेली तर? जुन्या ईएक्सटी-२ या फाइल सिस्टिममध्ये वीज परत आल्यावर सगळी डिस्क तपासत बसावं लागे. २००१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी-३ ने जर्नल आणलं: करायचा बदल आधी टिपायचा, मग प्रत्यक्ष करायचा. त्यामुळे सुरू होताना फक्त जर्नल वाचलं की भागतं. २००८ अखेर स्थिर ठरलेली ईएक्सटी-४ वेगासाठी माहिती काही काळ मेमरीत थांबवून एकदम लिहिते. त्याचा फटका २००९ मध्ये बसला. प्रोग्रॅमने नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव दिलं, नाव डिस्कवर पोचलं, मजकूर पोचायच्या आत मशीन बंद पडलं. उरली शून्य बाइटांची फाइल. ईएक्सटी-४ सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांनी मग नाव बदलताना मजकूर आधी उतरेल अशी तजवीज केली. तरीही नीट लिहिलेला प्रोग्रॅम एफसिंक ही आज्ञा देऊन मजकूर डिस्कवर गेल्याची खात्री करतो, मगच नाव बदलतो.

वेगाचं म्हणाल तर ईएक्सटी-४ की एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम, हा वाद इथे फारसा उपयोगाचा नाही. बहुतेक प्रकल्पांत प्रोसेसर राबतो, डिस्क अधूनमधून जागी होते. फरक पडतो तो सोळा-सोळा कामं एकदम चालणाऱ्या मशीनवर जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर, किंवा क्लायमेटप्रेडिक्शनसारख्या प्रकल्पात, जिथे हवामानाचं मॉडेल भल्यामोठ्या फाइली लिहितं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर तर सततच्या लिखाणाने मेमरी कार्डच झिजतं. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर जागच्या जागी न लिहिता नव्या जागी लिहायच्या तिच्या सवयीमुळे, वारंवार बदलणाऱ्या मोठ्या फाइलींचे तुकडे होतात, एवढं ध्यानात ठेवावं.

माणसं जोडणं याहून कठीण. बॉइंकमध्ये संघ करता येतो, कामाचे गुण मिळतात, अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन संगणकांकडे पाठवून उत्तरं जुळली तरच गुण लागतात. खोटेपणाला वाव राहत नाही. पण गुणांच्या तक्त्याने माणूस येत नाही, ओळखीच्या माणसाने सांगितलं की येतो. काळ्यांनी तेच केलं. तळेगाव-लोणावळ्याच्या महाविद्यालयांतल्या संगणक प्रयोगशाळा दिवाळीच्या सुट्टीत कुलूपबंद असतात. प्राचार्यांना आधी भेटावं, लेखी परवानगी घ्यावी, आणि विजेचा हिशेब त्यांच्यापुढे उघड मांडावा. १०० वॅट खेचणारं एक मशीन दिवसाला २.४ युनिट खातं, महिन्याला ७२. हा खर्च लपवून मिळवलेली परवानगी पहिल्या बिलाला संपते.

मशीन लावताना चेकपॉइंटची मूळची ६० सेकंदांची मर्यादा पावसाळाभर तशीच ठेवा. यूपीएस असेल किंवा उघडीप झाली असेल तर ती पाच-दहा मिनिटांवर न्यायला हरकत नाही. डिस्कला तेवढीच विश्रांती.