लढाईची बातमी सरली, तिचा भार सरला नाही



दूरदेशी लढाई पेटली की पहिले काही दिवस सगळीकडे तिचीच चर्चा असते. पुढारी भाषणे करतात, वर्तमानपत्रे नकाशे छापतात. पुढे लढाई लांबली की बातमी आटत जाते आणि लढाई संपली असे लोक धरून चालतात. शेतकऱ्याने मात्र असे धरून चालू नये. का, ते दोन दाखल्यांवरून पाहू.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली. त्या वेळी पारावरही दुसरा विषय नव्हता. डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुले तिथे अडकली होती, त्यांत विदर्भातलीही होती. केंद्र सरकारने शेजारच्या देशांत चार मंत्री धाडले आणि ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून बावीस हजारांवर भारतीयांना मायदेशी आणले. मुले घरी आली आणि बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेली. त्यांच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न आईबापांच्या उरावर राहिला. युद्ध तर २०२५ सालीही चालूच होते.

२०२३ साली दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी खरिपापूर्वीच्या सभेत एका वयस्कर शेतकऱ्यांनी विचारले, “साहेब, ते युक्रेनचं युद्ध सरलं काय जी? बातम्याईत तं येत नाही आता.” मी म्हटले, “नाही दादा, चालूच आहे.” त्यावर ते म्हणाले, “मंग पोटॅशची थैली अजून महाग काऊन हाये, ते समजलं.”

दादांनी नेमके ओळखले होते. पोटॅश आपल्या देशात खाणीतून निघत नाही, ते बाहेरूनच येते. जगात ते मुख्यत्वे कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांतून निघते. त्यांतले दोन या लढाईत गुंतले आणि हजार रुपयांच्या आसपास मिळणारी थैली २०२२ साली सतराशेवर गेली. डीएपीची थैली सरकारने अनुदान वाढवून १३५० रुपयांवर धरून ठेवली. २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानापायी सरकारचे अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाले.

आता जुना दाखला घेऊ. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी सुरू झाली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून जात असे. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे अडवली आणि गिरण्या बंद पडू लागल्या. मग साहेबाची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. त्या वेळी वऱ्हाडात आगगाडीही आली नव्हती, कापूस बैलांवर आणि गाड्यांवर लादून जात होता. भाव चौपट चढले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि खेड्यात सावकार उधार द्यायला पुढे सरसावले.

एप्रिल १८६५ मध्ये ती यादवी संपली. भाव कोसळले आणि त्याच वर्षी जुलैपासून मुंबईतल्या कंपन्या धडाधड बुडाल्या. अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाल्यावर इंग्लंडच्या गिरणीवाल्यांचा आपल्या कापसाविषयीचा उत्साहही ओसरला. पण तेजीत काढलेले कर्ज आणि रोखीने भरायचा शेतसारा काही ओसरला नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीत जी कारणे निघाली, त्यांत कापसाच्या तेजीनंतरची ही मंदीही होती. लढाई संपून दहा वर्षे झाली होती आणि तिची आठवण कोणाला उरली नव्हती.

असेच अलीकडे खाद्यतेलाचे झाले. सूर्यफुलाचे तेल बाहेर पाठवण्यात युक्रेनचा नंबर जगात पहिला होता आणि आपण आपल्या गरजेचे निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. फोडणी महागली. त्याच सुमारास सोयाबीन सात हजारांच्या पुढे गेले. घरोघरीच्या गृहिणींना दिलासा मिळावा म्हणून सरकारने मे २०२२ मध्ये दरवर्षी वीस लाख टन कच्चे सोयाबीन तेल आणि तेवढेच सूर्यफूल तेल बिनजकाती येऊ दिले, तेही दोन वर्षांसाठी. बाकीच्या कच्च्या तेलावरही जकात नाममात्रच होती. त्या घडीला ते रास्तही होते.

पुढे जगात तेल स्वस्त झाले आणि लढाईची बातमीही मागे पडली, पण जकात कमीच राहिली. ती वाढली १४ सप्टेंबर २०२४ रोजी. ब्राझीलचे मोठे पीक आणि पेंडीची मंदी ही कारणेही होतीच, पण दरम्यान सोयाबीन घसरत गेले आणि २०२४ च्या हंगामात बाजारात हमीभावाच्या, म्हणजे ४८९२ रुपयांच्या, खाली विकले गेले. तेल महाग होते तेव्हा सगळे बोलत होते. सोयाबीन पडले तेव्हा त्याचा धागा २०२२ च्या निर्णयाशी जुळतो, हे सांगायला फार कोणी उरले नव्हते.

तेव्हा आपण काय करावे?

पहिली गोष्ट, तोफांच्या बातम्यांपेक्षा तीन बातम्यांवर नजर ठेवावी : आयातीची जकात, हमीभाव आणि खतांचा पुरवठा. घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने दर आठवड्याला त्या सोसायटीच्या फळ्यावर लिहाव्यात.

दुसरी, एका हंगामाच्या तेजीवर विसंबून कर्ज काढू नये. तेजी बाहेरच्या कारणाने आली असेल तर ती बाहेरच्या कारणानेच जाते.

तिसरी, खत माती तपासूनच द्यावे. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा बरे असते, तेव्हा महागाची थैली अंदाजाने टाकू नये. डीएपी मिळाले नाही तर अडून बसू नये. एका थैलीऐवजी तीन थैल्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि सुमारे वीस किलो युरिया दिला की तेवढेच स्फुरद आणि नत्र मिळते. शिवाय सुपरमधले गंधक सोयाबीनला मानवते.

चौथी, सोयाबीनचे बियाणे घरचेच राखावे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर ते बियाणे पेरायला चांगले. अधिक माहितीसाठी अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि आपल्या गावचे सहायक कृषी अधिकारी आहेतच.

आणखी एक सांगायचे आहे. युक्रेनची जमीनही काळीच आहे, जगातल्या उत्तम जमिनींत तिची गणना होते. तिथल्या कितीतरी शेतांत आज सुरुंग पेरलेले आहेत आणि नांगर घालण्याआधी ते शोधून काढावे लागतात. तिकडची बातमी आपल्याकडे येवो न येवो, तिथला शेतकरीही आपल्यासारखाच पेरणीची वेळ पाहत असतो. घरी जगाच्या गोष्टी निघाल्या तर मुलांना एवढे जरूर सांगावे.