बातमीत न आलेला गाव

वसमतच्या हळदीचा भाव रोज छापून येतो. हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या घराचं मागे काय होतं, ते क्वचितच. ही उणीव भरून काढायला पी. साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ सुरू केलं. दुष्काळ, हवामान बदल, जातीचा जाच, शेतमजुरी यांवरचे वृत्तांत इथे मराठीतही वाचता येतात.

यातला सर्वांत मोलाचा ठेवा जात्यावरच्या ओव्यांचा. ‘पारी’ सुरू होण्याच्या कितीतरी आधी हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बायका बाबासाहेबांबद्दल गातात. ओवीसोबत गाणारीचं नाव-गावही नोंदवलं जातं, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं.

बातमीत न येणाऱ्यांचा आवाज पोहोचवण्याच्या या वाटेवरचं जुनं, थोर नाव ‘मूकनायक’. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक काढलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती.